स्टॉपमधली दोन अक्षरे : लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या छायाचित्र-सूचीचे परीक्षण

जुन्या छायाचित्रांच्या छापील प्रती विकणाऱ्या एका संकेतस्थळावरून मी गेल्या वर्षी वॉशिंग्टनमधल्या एका दुकानाच्या दर्शनी भागाचे १९२० च्या सुमाराचे उभे छायाचित्र चौकटीसह मागवले. छपाई उत्तम होती, कागद जाड होता आणि काळा रंग खरोखरच काळा होता. चित्र भिंतीवर टांगल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझे लक्ष त्याच्या डाव्या कडेकडे गेले, तेव्हा तिथे कुठल्याशा पाटीची ‘ओ’ आणि ‘पी’ ही दोनच इंग्रजी अक्षरे अधांतरी लोंबकळताना दिसली. ती कशाची असावीत हे काही केल्या उमगेना, म्हणून मूळ चित्राचा माग काढत मी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ऑनलाइन सूचीपर्यंत पोहोचलो. तिथे पूर्ण चित्र उघडल्यावर त्या दोन अक्षरांच्या आधीचे ‘एस’ आणि ‘टी’, पाटीखालचा खांब, खांबाची मूठ धरून उभा असलेला वाहतूक पोलीस आणि त्याच्या डोक्यावरची मोठी छत्री असा सगळा ऐवज सापडला. विक्रेत्याने हा पोलीस आणि त्याचा हाताने फिरवायचा सिग्नल चौकटीत मावत नाही म्हणून कापून टाकला होता.

यामागचे गणित अगदी साधे आहे. त्या काळातल्या व्यावसायिक छायाचित्रकारांच्या काचेच्या निगेटिव्ह पुष्कळदा ८ बाय १० किंवा ४ बाय ५ इंचांच्या असत, म्हणजे दोन्हींचे प्रमाण चारास पाच असे. आज बाजारात सहज मिळणारी पोस्टरची चौकट २४ बाय ३६ इंचांची, म्हणजे दोनास तीन या प्रमाणाची असते. उभे चित्र अशा चौकटीत काठोकाठ भरायचे म्हटले, की ३६ इंच उंचीला खरे तर २८.८ इंच रुंदी लागते आणि ती २४ वर आणताना ४.८ इंचांची पट्टी, म्हणजे रुंदीचा सहावा हिस्सा, कात्रीखाली जातो. दोन्ही बाजूंनी समसमान कापले तरी प्रत्येक बाजूचे जवळपास अडीच इंच गेले. आणि व्यावसायिक छायाचित्रात सिग्नल असतो तो नेमका याच अडीच इंचांत.

तो तिथे का असतो, हे कळले की या संग्रहांची किंमतही कळते. पैसे देणारा दुकानदार असे आणि त्याला दुकान हवे असे. छायाचित्रकार रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावर तिपाई रोवून इमारतीच्या रेषा सरळ दिसतील अशा बेताने कॅमेरा लावी, आणि दुकान चौकाच्या कोपऱ्यावर असल्यामुळे (भाडे परवडणारी मोठी दुकाने कोपऱ्यावरच असत) चौकातला सिग्नल आपोआप कडेला सापडे. त्याचे चित्र काढायला कोणी सांगितलेले नसे, त्याला पुसून-पासून उभे केलेले नसे, आणि तो चांगला दिसतो की वाईट याची कोणाला फिकीर नसे. त्यामुळे सिग्नलच्या उद्घाटन-समारंभाच्या छायाचित्रापेक्षा दुकानाच्या जाहिरातीसाठी काढलेल्या छायाचित्राच्या कडेवर मी अधिक भरवसा ठेवतो; उद्घाटनाच्या चित्रात अधिकारी असतात, कडेच्या चित्रात नेहमीचा मंगळवार असतो.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. लायब्ररी ऑफ काँग्रेस हे अमेरिकेच्या संसदेचे, व्यवहारात तिथले राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि त्याच्या छापचित्रे व छायाचित्रे विभागाची ऑनलाइन सूची कोणालाही विनामूल्य, नाव न नोंदवता पाहता येते. चित्र उघडले की खाली वेगवेगळ्या आकारांच्या फाइल असतात : आधी लहान जेपेग, मग मोठी जेपेग आणि शेवटी टिफ, म्हणजे तपशील न गाळणारी सर्वांत मोठी फाइल. बहुतेक लोक जेपेग उतरवून समाधान मानतात. सिग्नलच्या मागावर असलेल्या माणसाने मात्र थोडा वेळ काढून टिफच घ्यावी, कारण जेपेगमध्ये जी गोष्ट खांबावरचा डाग वाटते, ती टिफमध्ये मोठी केल्यावर काचेचे भिंग, घंटा किंवा कारखान्याची पट्टी निघते. दुसरी आणि माझ्या मते याहून मोलाची गोष्ट अशी, की ही स्कॅन कापलेली नसतात. निगेटिव्हची उखडलेली कड, काचेला गेलेला तडा, कोपऱ्यात हाताने लिहिलेला क्रमांक, इमल्शन (काचेवरचा प्रकाशसंवेदी थर) सुटल्याने उमटलेले नकाशासारखे पट्टे, सगळे जसेच्या तसे ठेवलेले असते. देखण्या चित्रांच्या शोधात आलेल्या माणसाला हे रुचणार नाही. मला हाच या सेवेचा प्राण वाटतो.

सूचीत शेकडो संग्रह असले, तरी रस्त्यांच्या दृष्टीने तीन व्यावसायिक कंपन्यांचे संग्रह महत्त्वाचे आहेत आणि त्यांचा क्रम ध्यानात ठेवला तर फुकटची पायपीट वाचते.

पहिला संग्रह डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीचा. १९ व्या शतकाच्या अखेरीस डेट्रॉइट फोटोग्राफिक कंपनी या नावाने सुरू झालेल्या या धंद्याने फोटोक्रोम या स्विस तंत्राचे अमेरिकेपुरते हक्क मिळवले. कृष्णधवल निगेटिव्हवरून दगडी छपाईने रंगीत चित्र काढण्याचे हे तंत्र होते. यलोस्टोनच्या १८७१ च्या छायाचित्रांमुळे नावाजलेला विल्यम हेन्री जॅक्सन १८९७ मध्ये आपल्या हजारो निगेटिव्हसह या कंपनीत आला. भरभराटीच्या काळात कंपनीकडे सुमारे ४०,००० निगेटिव्ह होत्या आणि वर्षाला सुमारे ७० लाख प्रती विकल्या जात. तिची रंगीत पोस्टकार्डे ‘फॉस्टिंट’ या नावाने खपत. पुढे पहिल्या महायुद्धाने आणि स्वस्त छपाई करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांनी धंदा खालावला, १९२४ मध्ये देणी भागवण्यासाठी कंपनीवर व्यवस्थापक (रिसीव्हर) नेमला गेला आणि १९३२ मध्ये तिची मालमत्ता निकालात निघाली. निगेटिव्ह काही काळ हेन्री फोर्डच्या एडिसन इन्स्टिट्यूटमध्ये राहिल्या. १९४९ मध्ये त्या कोलोरॅडोच्या राज्य इतिहास संस्थेकडे गेल्यावर मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडची चित्रे मुख्यतः तिथे राहिली आणि उरलेली लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आली. आज इथे काचेच्या निगेटिव्ह आणि पारदर्शिका मिळून २५,००० हून अधिक आहेत.

या संग्रहाकडून मात्र सिग्नलची फारशी अपेक्षा करू नये. क्लीव्हलँडमध्ये युक्लिड ॲव्हेन्यू आणि पूर्व १०५ वा रस्ता यांच्या चौकात विजेचा सिग्नल लागला तो ५ ऑगस्ट १९१४ रोजी, आणि खुद्द डेट्रॉइटमध्ये विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने चारही दिशांना तीन रंग दाखवणारा दिवा तयार केला तो १९२० मध्ये. तोपर्यंत या कंपनीचे रस्त्यांवरचे उमेदीचे काम आटोपत आले होते. म्हणजे ज्या शहराचे नाव या कंपनीने आयुष्यभर मिरवले, त्या शहराने जगाला दिलेली वस्तू तिच्या चित्रांत जवळपास नाहीच. तरीही मी हा संग्रह आधी पाहायला सांगेन, कारण सिग्नल येण्यापूर्वीचा चौक कसा चाले हे इथल्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. घोडागाडी, ट्राम, हातगाडी आणि पायी चालणारा माणूस हे सगळे एकाच वेळी एकाच जागी असतात आणि तरी कोणी कोणाला धडकत नाही, कारण सर्वांचा वेग जवळपास सारखाच आहे. मोटारींनी हा वेगाचा समतोल मोडला तेव्हा सिग्नलची गरज पडली, हे वाचून समजण्यापेक्षा १९०० च्या आणि १९१५ च्या आसपासची दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिल्यावर मला जास्त लवकर पटले.

दुसरा संग्रह नॅशनल फोटो कंपनीचा आणि तिसरा हॅरिस अँड युइंग यांचा. दोन्ही कंपन्या वॉशिंग्टनच्या. नॅशनल फोटो कंपनी हर्बर्ट फ्रेंच यांची. ती वर्गणीदारांना रोजच्या घडामोडींची चित्रे पुरवी आणि शिवाय स्थानिक दुकाने व सरकारी कार्यालये यांची कामे घेई. तिची चित्रे मुख्यतः १९०९ ते १९३२ या काळातली असून ग्रंथालयाने ती १९४७ मध्ये विकत घेतली. हॅरिस अँड युइंग हा स्टुडिओ १९०५ मध्ये जॉर्ज हॅरिस आणि मार्था युइंग यांनी काढला. माणसांची चित्रे हा त्यांचा मुख्य व्यवसाय असला तरी रस्ते, इमारती आणि वाहने यांचे कामही भरपूर आहे. सिग्नलच्या दृष्टीने खरी रास आहे ती या दोन संग्रहांत : आधी छत्रीखाली उभे राहून हाताने पाटी फिरवणारा पोलीस, मग खांबावरचे दिवे, मग पोलिसाविना चालणारा चौक, ही सगळी स्थित्यंतरे एकाच शहरात, वीस-पंचवीस वर्षांच्या अवधीत दिसतात.

हाताने फिरवायच्या पाटीचे काम समजून घ्यायला मला बराच वेळ लागला, म्हणून ते इथे लिहून ठेवतो. खांबाच्या माथ्यावर चार पाट्या अधिक चिन्हासारख्या जोडलेल्या असतात. समोरासमोरच्या दोन बाजूंना ‘स्टॉप’ आणि उरलेल्या दोन बाजूंना ‘गो’ वाचता येईल अशी त्यांची मांडणी असते. पोलिसाने खांबाला लावलेली मूठ पाव फेरा फिरवली की एका रस्त्याची मुभा दुसऱ्या रस्त्याला मिळते. चित्रात पाटी स्पष्ट आणि अक्षरे ठाशीव असतील तर ती स्थिर असताना चित्र घेतलेले आहे. अक्षरांना शेपूट फुटले असेल तर पोलिसाने त्याच क्षणी मूठ फिरवली होती, असे खुशाल समजावे. पोलीस मात्र बहुधा स्पष्ट उमटतो, कारण चौकाच्या मध्यभागी तासन् तास न हलणारा तोच एकटा असतो.

शोध कसा घ्यावा, याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा उत्साह मावळतो. सूचीतील मथळे पुष्कळदा निगेटिव्हवर किंवा तिच्या पाकिटावर जे लिहिले होते तेच असतात, आणि पाकिटावर गिऱ्हाइकाचे नाव असते. चौकोनी कंसातला मथळा असेल तर तो सूचीकाराने दिलेला, कंस नसेल तर मूळचा, असा साधारण संकेत आहे. त्यामुळे ‘ट्रॅफिक लाइट’ असे टाकून शोधले तर हाती थोडेच लागते. विषयशीर्षकांत ‘ट्रॅफिक साइन्स अँड सिग्नल्स’ असे स्वतंत्र शीर्षक आहे, त्याखाली सिग्नल हाच ज्यांचा मुख्य विषय आहे अशी चित्रे मिळतात. कडेवरचे सिग्नल हवे असतील तर रस्त्याचे नाव, दुकानाचे नाव किंवा नुसते ‘कमर्शियल स्ट्रीट्स’ हे शीर्षक घेऊन एकेक चित्र उघडत बसण्याला पर्याय नाही. हे काम कंटाळवाणे आहे. मी रविवारच्या दुपारी करतो आणि चहाचे दोन कप होईपर्यंत एखादे तरी चित्र सापडतेच.

या कंटाळ्यावर सूचीतच एक तोड दिलेली आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक दिसते. प्रत्येक नोंदीत शेजारच्या क्रमांकांची चित्रे पाहण्याची सोय आहे. व्यावसायिक छायाचित्रकार एका फेरीत एका गिऱ्हाइकासाठी चार-सहा काचा खर्ची घालत असे आणि त्यांना बहुधा लागोपाठचे क्रमांक पडत. तेव्हा एका चित्रात सिग्नलचे टोक दिसले, तर शेजारच्या क्रमांकात तोच चौक चार पावले डावीकडून घेतलेला असण्याची चांगली शक्यता असते. मला हाताने फिरवायच्या पाटीचा पाया, म्हणजे ती रस्त्यात कशी रोवलेली असे हे, अशाच एका शेजारच्या निगेटिव्हमध्ये दिसले. एकट्या चित्रावरून ते कधीच कळले नसते. डिजिटल क्रमांकातल्या ‘डेट’, ‘एनपीसीसी’ आणि ‘हेक’ या खुणा अनुक्रमे वर सांगितलेल्या तीन संग्रहांच्या आहेत. त्या ओळखीच्या झाल्या की सरमिसळ निकालांत आपले माणूस दुरून ओळखू येते.

तारखांच्या बाबतीत सावध राहावे. पुष्कळ नोंदींत ‘१९१० ते १९२० च्या दरम्यान’ अशी ऐसपैस मुदत दिलेली असते, आणि ते प्रामाणिकपणाचेच लक्षण आहे, कारण निगेटिव्हवर तारीख नसेल तर सूचीकाराने ती कुठून आणावी? अशा वेळी कडेचा सिग्नलच साक्षीला येतो. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूचे उदाहरण घेऊ. तिथे १९२० मध्ये जॉन हॅरिस या पोलीस उपायुक्तांच्या पुढाकाराने रस्त्याच्या मध्यभागी मनोरे उभे राहिले. त्यांच्या माथ्यावर एक खोली असे आणि आत बसलेला पोलीस दिवे बदलत असे. १९२२ मध्ये त्यांच्या जागी जोसेफ फ्रीडलँडर या वास्तुविशारदाने आखलेले, २३ फूट उंचीचे, घड्याळ बसवलेले ब्राँझचे मनोरे आले, आणि १९२९ मध्ये रस्त्यात अडचण होते म्हणून तेही काढून टाकण्यात आले. म्हणजे चित्रात साधा मनोरा असेल तर दोन वर्षांची मुदत, ब्राँझचा असेल तर सात वर्षांची, आणि मनोराच नसेल तर मोटारींच्या आकारावरून तो येण्याच्या आधीचा काळ की गेल्यानंतरचा, एवढेच ठरवायचे राहते. ब्राँझच्या मनोऱ्यांचा खर्च त्या रस्त्यावरच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने उचलला होता, हे कळल्यावर मला गंमत वाटली. दुकानाचे चित्र काढायला पैसे देणारा आणि सिग्नल उभारायला पैसे देणारा असा एकच वर्ग होता. त्याला दारात गर्दी हवी होती आणि दारात कोंडी नको होती.

दिव्यांच्या रंगांविषयी मात्र ही छायाचित्रे सहज फसवतात. त्या काळात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल भिंग पेटलेले असले तरी चित्रात काळे उमटे आणि हिरवे भिंग त्यापेक्षा पुष्कळ उजळ येई. याचा अर्थ असा, की चित्रात विझलेला दिसणारा दिवा प्रत्यक्षात भर जोमात पेटलेला असू शकतो, आणि एकच दिवा उजळ दिसला म्हणून त्या रस्त्याला मुभा होती असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. मी सुरुवातीला असे दोन-तीन निष्कर्ष मोठ्या आत्मविश्वासाने काढून मित्रांना ऐकवले होते, ते मागाहून निमूटपणे मागे घ्यावे लागले. आता मी दिव्याकडे न पाहता गाड्यांकडे पाहतो : ज्या गाड्यांची चाके स्पष्ट आहेत त्या थांबलेल्या आणि ज्यांच्या आऱ्या विरघळल्या आहेत त्या चालत्या. वरचा दिवा लाल असणारच, असेही गृहीत धरू नये. शहरांतल्या आणि शहरांबाहेरच्या अशा देशभरातल्या सगळ्याच रस्त्यांवरच्या खुणा एकसारख्या करण्याचे पहिले एकत्रित अमेरिकी नियमपुस्तक १९३५ सालचे आहे. त्याआधी ज्या-त्या शहराची ज्याची-त्याची रीत होती.

आणखी एक सावधगिरी निगेटिव्हवरच्या हातकामाविषयी. व्यावसायिक स्टुडिओंत डागडुजी करणारे कारागीर असत. गिऱ्हाइकाला आपल्या इमारतीपुढे तारा नको असल्या तर ते काचेवर अपारदर्शक रंग देऊन आकाश स्वच्छ करीत, आणि पोस्टकार्डासाठी तर खांबच्या खांब नाहीसे होत. अशा चित्रात ट्रामची तार खांबापर्यंत नीट येते आणि तिथून पुढे अचानक गुप्त होते, किंवा रस्त्यावर एखादी बारीक, उभी सावली पडलेली असते आणि तिचा धनी कुठेच सापडत नाही. विकत मिळणाऱ्या रंगीत पोस्टकार्डावर या लबाड्या ओळखणे कठीण जाते. निगेटिव्हच्या स्कॅनमध्ये मात्र ब्रशचा फटकारा स्पष्ट दिसतो आणि खाली काय होते त्याचा अंदाज बांधता येतो. डेट्रॉइट कंपनीच्या चित्रांत आकाशाची कड इमारतीच्या छपराला जिथे भिडते, तिथे नेहमी एकदा मोठे करून पाहावे.

पश्चिम किनाऱ्यावरचे सिग्नल हवे असतील तर लायब्ररी ऑफ काँग्रेसपेक्षा सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयाकडे वळावे. तिथे लॉस एंजेलिसच्या डिक व्हिटिंग्टन स्टुडिओचा सुमारे ३५,००० निगेटिव्हचा संग्रह आहे. १९२४ ते १९८७ या काळात चाललेला हा स्टुडिओ पूर्णपणे व्यावसायिक कामांचा. बुलॉक्स आणि मे कंपनीसारखी मोठी दुकाने, सौंदर्यप्रसाधनांची मॅक्स फॅक्टर कंपनी, शेल आणि युनियन या तेलकंपन्या, जमिनींचे व्यवहार करणारे, बांधकाम कंपन्या, मोटारविक्रेते अशी त्याची गिऱ्हाइके होती. आणि गाव तर असे, की तिथे सिग्नलही घंटा वाजवणारा. लॉस एंजेलिसमध्ये ॲक्मे कंपनीचे सिग्नल ऑक्टोबर १९२० मध्ये ब्रॉडवेवर पाच ठिकाणी लागले आणि १९२३ पर्यंत शहरात असे ३१ झाले. रेल्वेच्या सिग्नलसारखे हात, त्यांवर ‘स्टॉप’ आणि ‘गो’ ही अक्षरे, सोबत छोटे लाल-हिरवे दिवे, आणि हात बदलताना पाच सेकंद वाजणारी घंटा, अशी त्यांची रचना होती. पिवळ्या दिव्याचे काम घंटा करी. व्हिटिंग्टन स्टुडिओ सुरू झाला तेव्हा हे सिग्नल भर जोमात होते, त्यामुळे दुकानांच्या चित्रांच्या कडांना त्यांचे हात कधी वर, कधी खाली, कधी मधेच अडकल्यासारखे दिसतात. मधेच अडकलेला हात दिसला, की मी मनातल्या मनात घंटा ऐकतो.

दोन्ही ठिकाणांची तुलना करायची तर व्हिटिंग्टन संग्रहात शहर एक आणि काळ सलग आहे. रस्ता पक्का माहीत असेल तर शोध झपाट्याने होतो आणि एकाच चौकाची पाच-सात वर्षांतली चित्रे लागोपाठ ठेवता येतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पसारा मोठा, पण वर सांगितलेल्या तिन्ही संग्रहांतली चित्रे वापरण्यावर ज्ञात निर्बंध नाहीत अशी स्पष्ट नोंद असते आणि पूर्ण आकाराची फाइल थेट हाती पडते. छपाई करून भिंतीवर लावायचे असेल, लेखात वापरायचे असेल किंवा जुन्या चौकाची प्रतिकृती बनवायची असेल तर हा फरक निर्णायक आहे. सिग्नलची लहान प्रतिकृती बनवणाऱ्या हौशी मंडळींना माझा सल्ला असा, की मापे काढण्यासाठी पोलिसाची उंची प्रमाण धरू नये, कारण तो बहुधा चौथऱ्यावर उभा असतो. त्याऐवजी ट्रामच्या रुळांमधले अंतर घ्यावे, बहुतेक शहरांत ते ४ फूट साडेआठ इंच असते.

तसे पाहिले तर पैसे देऊन घेतलेली प्रत आणि फुकट मिळालेली फाइल यांची बरोबरी करणे थोडे अन्यायाचे आहे. विक्रेता काळा-पांढरा तोल साधून देतो, ओरखडे पुसतो, चौकट घालतो आणि घरपोच पाठवतो. ग्रंथालयाची फाइल फिकट, धुरकट आणि डागाळलेली असते. तिच्यावर दोन तास काम केल्याशिवाय ती छापण्याजोगी होत नाही. ज्यांना दिवाणखान्यात जुन्या शहराची शोभा हवी आहे त्यांनी खुशाल तयार प्रत घ्यावी, फक्त मागवण्यापूर्वी ती कापलेली आहे का, हे विचारून घ्यावे. माझ्या विक्रेत्याने तक्रार केल्यावर सौजन्याने सांगितले, की कडेला ‘काही विशेष नव्हते’, म्हणून कापले.

मी शेवटी त्याच निगेटिव्हची टिफ उतरवून, दोन संध्याकाळी खर्चून तिचा तोल नीट केला आणि जवळच्या छपाईवाल्याकडून १६ बाय २० इंचांची प्रत काढून घेतली. चारास पाच हे प्रमाण जुळत असल्यामुळे केसभरही कापावे लागले नाही. जुनी चौकट उतरवून ही लावली. आता दुकान थोडे लहान दिसते, पण डावीकडे ‘स्टॉप’ची चारही अक्षरे आहेत आणि पाटीच्या पुढे एक बाई एक पाय पदपथावरून खाली टाकून थबकलेली आहे. तिच्यामागे दोन मोटारी थांबल्या आहेत. पोलिसाचा हात मुठीवर आहे, आणि त्याची नजर गाड्यांकडे किंवा त्या बाईकडे नसून, रस्त्यापलीकडे तिपाई लावून काळ्या कापडाखाली शिरलेल्या माणसाकडे लागलेली आहे.